पान खाल्लेलं रोप परत घेत नाहीत

देशी रोपांच्या रोपवाटिकेत दुसऱ्यांदा गेले ती भांडायलाच. ऑगस्टची झड लागलेली, स्कूटीवर पायाशी कढीपत्त्याची कुंडी, तिला पोत्याचा तुकडा गुंडाळलेला आणि डोक्यात वाक्यं तयार. ४० रुपये मोजून घेतलेत, दोन महिने झाले नाहीत तोवर झाडाची नुसती काडी उरलीय. मी खानावळ चालवते. माझ्याकडं भाजी जरा उतरलेली निघाली तर मी दुसरी वाटी देते आणि तिचे पैसे लावत नाही. तोच न्याय समोरच्यानं मला लावावा, एवढंच म्हणणं.

रोपवाटिकेच्या मालकांनी कुंडी हातात घेतली, सगळीकडून फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"किती अळ्या होत्या ताई?"

"असतील आठ-नऊ. मी काय मोजत बसले नाही."

"हिरव्या झाल्या होत्या का? का अजून चिमणीच्या शिटेसारख्या?"

"दादा, मी रोप परत द्यायला आलेय."

"पान खाल्लेलं रोप आपण परत घेत नाही," ते शांतपणे म्हणाले. "खायलाच दिलं होतं ते."

त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी ह्या जागेला पाचातला अर्धासुद्धा तारा दिला नसता. आता तिसरा पावसाळा लागलाय, माझ्या फेऱ्या दहा-बारा तरी झाल्या असतील. तेव्हा चांगलं-वाईट सगळंच लिहिते.

नाव लिहीत नाही. मालकांनीच नको म्हटलंय. मागं कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि एका रविवारी एवढ्या गाड्या आल्या की निम्मे वाफे पायाखाली गेले. आलेल्यांपैकी बहुतेकांनी फोटो काढले आणि रोपं घेतली नाहीत ती नाहीतच. साताऱ्यातून मेढ्याकडं निघालात की कण्हेर धरणाच्या बाजूला एक मोठा करंज लागतो, त्याच्याखाली निळा ड्रम उलटा ठेवलेला असतो. तिथं आत वळायचं. पाटी नाही. ज्याला खरंच रोप हवंय तो विचारत विचारत पोचतो.

माझी जागा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरामागं स्वयंपाकघराला लागून २८ फूट लांब, ४ फूट रुंद पट्टी आहे. रोज चाळीस डबे जातात, शिवाय दुपारी बसून जेवणारे पंधरा-वीस जण. त्या पट्टीत वर्षानुवर्षं तेलाचे रिकामे डबे, मोडका ग्राइंडर आणि एक गंजलेली सायकल होती. तीनेक वर्षांपूर्वी मुलगा हायवेवरच्या एका मोठ्या गार्डन सेंटरमधून बारा पाम घेऊन आला. चकचकीत, एकसारखे, कवायतीला उभे केल्यासारखे. ते मेले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांत एकाही पानाला भोक पडलं नाही. त्यांच्यावर कधी कोळ्यानं जाळं विणलं नाही, कधी मुंग्या चढल्या नाहीत. प्लास्टिकचे असते तरी कळलं नसतं, वर पाणी वाचलं असतं. तेव्हा मात्र मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे, बघा कशी कीड नाही म्हणून.

देशी रोपांच्या ह्या जागेकडं गेले ती सासूबाईंच्या हट्टापायी. त्या जावळी तालुक्यातल्या, वय ८२. दसऱ्याला बाजारात पानांचे ढीग विकायला बसतात ते बघून दरवर्षी त्यांची कुरकुर असते: "ह्यो आपटा न्हवं. कायबी विकत्यात." त्यांना दारात खरा आपटा हवा होता. गार्डन सेंटरवाल्यानं आपट्याचं नाव काढल्यावर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या दुकानात शेणी मागितल्या.

इथं मात्र पहिल्या भेटीत मलाच प्रश्न. किती तास ऊन येतं? सकाळचं का दुपारचं? भिंतीपासून खड्डा किती लांब घेणार? स्वयंपाकघराचा धूर कुठल्या बाजूला सोडता? खरकट्याचं पाणी कुठं जातं? मुंगळे चालतील का? मला वाटलं, रोप घ्यायला आलेय का मुलगी दाखवायला. एवढ्या चौकशीला बराच वेळ गेला आणि माझी दुपारची कणीक खोळंबली. पण ह्या चौकशीमुळंच नको ते रोप गळ्यात पडलं नाही. मी उंबर मागितला होता. दत्ताचं झाड, दारात असावं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. चार फुटांत उंबर लावाल तर काही वर्षांत मुळ्या मोरीत दिसतील. गावाकडं ओढ्याकाठी जागा असली तर दोन रोपं फुकट न्या, पण घरामागं मी देणार नाही. गिऱ्हाईक पैसे काढून उभं आहे आणि दुकानदार माल नाही म्हणतोय, असं मी माझ्या धंद्यात तरी कधी बघितलं नाही.

उंबरावरून मग त्यांनी एक पिकलेलं फळ फोडून दाखवलं. उंबराला फूल येत नाही असं आपण म्हणतो; त्याची फुलं त्या फळाच्या आतच असतात, शेकड्यांनी. आणि त्यात शिरून परागण करणारी चिलटाएवढी कीड उंबराची वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं लहानपणापासून ऐकलंय. ती केंबरं म्हणजे हीच कीड. वाक्य पन्नास वर्षं तोंडात होतं, केंबरं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पहिल्या खरेदीत कढीपत्ता ४०, कागदी लिंबू ६०, अडुळशाची तीन रोपं २५ प्रमाणे ७५, निरगुडी ३०, भुतकेस ८० आणि आपटा ७० एवढं घेतलं. ३५५ झाले, ३५० घेतले. दर वाजवी आहेत. सरकारी रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर याहून स्वस्त मिळतात हे खरं, पण तिथं तुमच्या पट्टीची लांबी-रुंदी कुणी विचारत नाही.

काय मिळत नाही तेही सांगते. घाणेरी मिळत नाही. माझ्यासमोरच एक बाई रंगीत घाणेरी मागत होत्या. फुलपाखरं येतात हो तिच्यावर, म्हणाल्या. मालक म्हणाले, येतात, मध पितात, जातात. अंडी घालायला त्यांना दुसरं झाड शोधावं लागतं. मूळची अमेरिकेतली, आपल्याकडं शोभेसाठी आली आणि डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. "हॉटेलं रग्गड झालीत, बाळंतपणाला माहेर कुठंय?" असं त्यांचं वाक्य. मी खानावळवाली बाजूलाच उभी, मला ते थोडं लागलं. गुलमोहर नाही, तो मादागास्करचा. कार्पेट लॉन नाही. मात्र पानफुटी आहे. मी लगेच पकडलं, दादा, पानफुटीपण मादागास्करचीच ना? (मुलानं मोबाइलवर शोधून दिलं होतं.) ते हसले. म्हणाले, तिच्या पानात रेड पिएरो नावाच्या इवल्याशा फुलपाखराची अळी राहते, पानाच्या आत बोगदा करून. तेवढ्यासाठी माझ्या तत्त्वाला मुरड. मला हे आवडलं. तत्त्व सांगणारा माणूस अपवाद कबूल करतो तेव्हा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.

आता कढीपत्त्याचं. खानावळीत कढीपत्ता म्हणजे मीठ-तेलासारखाच. आमटी, भाजी, ताक, कशातही मूठभर लागतो. रोज दहा रुपयांची जुडी आणण्यापेक्षा दारात एक झाड असावं हा माझा सरळ व्यापारी हिशोब. तर ऑगस्टमध्ये ते झाड माझ्याआधी अळ्यांनी संपवलं. भांडायला गेले तेव्हा मालकांनी खोडाला नख लावायला सांगितलं. लावलं. साल निघाली, आत हिरवंगार. "जिवंत आहे. पंधरा दिवसांत फुटेल. नाही फुटलं तर माझ्याकडून दुसरं फुकट." मग शेजारच्या वाफ्यातून कढीपत्त्याचं दुसरं रोप उचलून माझ्या पिशवीत ठेवलं. "एक तुमच्या आमटीला, एक त्यांना. ४० रुपये." सवलत शून्य! भांडायला गेलेली बाई आणखी ४० रुपये देऊन परत आली, हे घरी सांगितल्यावर कोण किती हसलं ते लिहीत नाही.

झाड खरंच फुटलं, पंधरा नाही पण वीस-बावीस दिवसांत. आणि त्यावर परत अंडी आली. ह्या वेळी मी फवारणीचा पंप बाहेर काढला नाही. (आधी काढायचे. लसूण-मिरचीचं पाणी, आणि त्यानं नाही भागलं तर दुकानातून आणलेलं औषध. ते औषध मारून चौथ्या दिवशी तीच पानं फोडणीत टाकायचे, हे आज लिहितानाही कसंसंच होतं.) सकाळी चहा उकळेपर्यंत आणि दुपारी भांडी घासायला टाकल्यावर, अशा दोन वेळा मी तिथं जाऊन उभी राहायला लागले.

काळं फुलपाखरू येतं, बसत नाही नीट, फडफडतच राहतं, शेपटाकडचा भाग कोवळ्या पानाला टेकवतं आणि जातं. मागं एकच दाणा, खसखशीपेक्षा किंचित मोठा, फिकट पिवळा, गोल. काही दिवसांत त्यातून अळी निघते ती अगदी शिटेसारखी, काळपट आणि मधे पांढरा डाग, वर ओलसर चमक. मला आधी कळलंच नव्हतं की त्या अळ्या आहेत. पाखरं फार घाण करतात म्हणून मी पानं धुतली होती. मोठी होता होता शेवटची कात टाकली की एकदम हिरवी, पोपटी, जाडजूड, करंगळीएवढी. काडीनं जरा डिवचलं तर डोक्यामागून लालभडक दुहेरी शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की बोट मागं येतं. मग एक दिवस खाणं बंद करून ती कुठंतरी आडबाजूला जाते. आमची एक पाण्याच्या पाइपाला चिकटली होती. शेपटीकडून पक्की, आणि कमरेला एकच धागा, खांबावर चढलेला वायरमन पट्ट्याला रेलून काम करतो ना, डिट्टो तशी मागं रेललेली. तिथंच कोश झाला. त्या पाइपाची गळती काढायला प्लंबर यायचा होता, त्याला मी आठ दिवस पुढं ढकललं. बादली लावून काम चालवलं.

बाहेर आलं ते पहाटे. सहाला कणीक भिजवून मागं हात धुवायला गेले तर कोश फुटलेला आणि त्याला लोंबणारं काहीतरी काळं, चुरगळलेलं, भिजल्या पापडासारखं. बघता बघता पंख सुटे झाले. काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना हाक मारली, त्या आल्या, दोघी उभ्या राहिलो. त्या दिवशी पहिले सात डबे उशिरा गेले. एका बँकेतल्या साहेबांचा फोन आला; त्यांना खरं कारण सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा घ्यायला मुलीला घेऊन येऊ का विचारलं.

मालकांनी नंतर नाव सांगितलं, कॉमन मॉरमॉन. ठिपक्यांची ओळ असलेला तो नर. ह्यातल्या काही माद्या दुसऱ्याच एका फुलपाखराचं सोंग घेतात, ज्याला पक्षी विषारी म्हणून टाळतात. ह्याचाच मोठा भाऊबंद म्हणजे निलवंत, निळ्या-काळ्या पंखांचा, २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. तोही लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतो. माझ्या कागदी लिंबाला दोन वर्षं होऊन गेली, निलवंत अजून फिरकलेला नाही. वाट बघतेय.

एक गोष्ट रोपवाटिकेनं आधी सांगायला हवी होती, ती मला बघून कळली. सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. त्या खेपेला मी नीट मोजल्या, नऊ. दोनच उडाल्या. दोन बुलबुलानं नेल्या, एक गांधीलमाशीनं, बाकीच्यांचं काय झालं ते मला दिसलं नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं, बुलबुलाला मी हुसकून लावलं. मग त्याचंही घरटं पलीकडच्या जास्वंदीत दिसलं, आत तीन चोची. आता कुणालाच हुसकत नाही. माझ्या दोन कढीपत्त्यांचं गणित असं बसलंय की खिडकीजवळच्या झाडावर अळी दिसली की पानासकट उचलून भिंतीजवळच्या झाडावर ठेवायची. खिडकीकडचा आमटीला. पानं मिठाच्या पाण्यात बुडवून, एकेक उलटी करून घेते. बाजारात जुडी घेताना आजही हात आपोआप बिनभोकाच्या जुडीकडंच जातो. सवय. मग थांबून दुसरी उचलते.

रुईचं रोप ते विकत नाहीत, मागितलं तर गटाराच्या कडेला उगवलेलं काढून देतात. मला हसू आलं, रुई आणायला कुणी मेढा रस्त्याला जातं का, माझ्या गल्लीच्या तोंडाशी वाढते, मीच दरवर्षी उपटून टाकायचे. तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की ह्या वर्षी उपटू नका, आणि चीक डोळ्याला लागू देऊ नका, फार वाईट. नाही उपटली. सप्टेंबरात तिच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या. ते नारिंगी फुलपाखरू आपण सगळ्यांनीच शाळेच्या वाटेवर बघितलेलं असतं. आता अडचण अशी की आमच्या गल्लीतल्या तीन-चारजणी शनिवारी मारुतीच्या माळेला रुईची पानं तोडतात. मी सांगून बघितलं. एकीनं पान उलटं करून अळी बघितली, किंचाळली आणि म्हणाली, मारुतीला चालेल पण मला नाही. तेव्हापासून शनिवारी पहाटे मीच आधी झाड चाळते आणि रिकामी पानं ह्यांच्या हातात देते. देवाचंही होतं.

आता तक्रार, आणि ही खरी आहे.

पहिल्या वर्षी दसऱ्याला सासूबाईंना हाताला धरून मागं नेलं. त्यांच्या आपट्याला दहा-बारा पानं आलेली. त्यांनी चष्मा सारखा केला, एक पान हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं, उलटं केलं आणि माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, ह्यो कांचन हाय."

मला विश्वास बसेना. दोन्हीचं पान सारखंच दुभंगलेलं. पण त्यांनी शिकवलं तसं सांगते. आपट्याचं पान लहान, जाड, चामड्यासारखं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, खालून करडं. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी; कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी. बाजारात सोनं म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा कांचनच असतो, आणि तेच टाळायला मी ७० रुपये मोजले होते. खास खऱ्या आपट्यासाठी गेलेल्या बाईला कांचन! त्या दिवशी पाटावर ठेवायला सोनं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत की फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी गेले. ह्या वेळी मालक खूश झाले नाहीत. रोप बघितल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. कारण साधं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांवर स्केचपेननं नावं लिहायचे, पावसात शाई गेली, दोन वाफे शेजारी-शेजारी, आणि रोप बोटभर असताना ओळखायला अवघड. त्यांनी बदलून आपटा दिला, पैसे घेतले नाहीत, कांचन मला ठेवून घ्यायला सांगितला. चूक कबूल करायला वेळ लावला नाही, हे मान्य. पण माझ्यासारखे आणखी किती जण कांचनाला आपटा समजून पाणी घालत असतील, त्यांना कोण सांगणार? मी विचारलं. नोंदवही नाही, पावती नाही, कुणाला काय दिलं त्याचा पत्ता नाही. ह्याचा एक तारा मी कापतेच.

ह्यावर उपाय मात्र माझ्या अडगळीतनं निघाला. माझ्याकडं महिन्याला तेलाचे पाच-सहा डबे रिकामे होतात. दोन डबे नेऊन दिले. त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, खिळ्यानं नावं कोरली, तारेनं वाफ्याला बांधली. आता पाऊस येवो नाहीतर बैल येवो, नाव जात नाही. कडा ठोकून बोथट केलेल्या नाहीत, लहान मुलं नेलीत तर लक्ष ठेवा, हात कापतो. दुधाच्या पिशव्याही मी धुऊन साठवते, त्यात ते रोपं भरतात. तुम्ही रोपाची काळी पिशवी परत नेऊन दिलीत तर पुढच्या रोपात दोन रुपये कमी करतात. दोनच. पण करतात.

खताचा व्यवहार हा इथला सगळ्यात फायद्याचा भाग, आणि त्याची ते जाहिरात अजिबात करत नाहीत. वाळक्या पालापाचोळ्याची दोन पोती न्या, चाळलेल्या खताचं एक पोतं घेऊन या. आमच्या कॉलनीत जानेवारीपासून घरोघर पाला पेटवतात. संध्याकाळी धुरानं डोळे चुरचुरतात. मी झाडणाऱ्या मावशींना पोत्यामागं दहा रुपये देते आणि पाला गोळा करते. निम्मा मेढा रस्त्याला, निम्मा माझ्याच खड्ड्याला. खड्डा कसा करायचा हे त्यांनी दाखवलं: ओल्या कचऱ्याची एक बादली, तर वर वाळक्या पाल्याच्या दोन. माझ्याकडं रोज भाजीची देठं, कांद्याची टरफलं, फ्लॉवरची पानं धरून दहा किलोच्या आसपास निघतं. पहिला महिना उत्तम गेला. मग मी शहाणपणा केला. उरलेली तेलकट भाजी, भात, सगळंच ओतलं. आठवड्यात वास सुटला आणि घुशी आल्या. दोन. मांजराएवढ्या. शेजारच्या वहिनींनी माझ्याशी पंधरा दिवस बोलणं टाकलं. शिजवलेलं घालू नका असं रोपवाटिकेत सांगितलं होतं का? ते म्हणतात सांगितलं, मी म्हणते नाही. ह्या बाबतीत निकाल लागणार नाही. एवढंच सांगते, लिहून घेत चला.

आता शिजवलेलं जात नाही, घुशी गेल्या, खड्ड्यात वळवळणाऱ्या जाड अळ्या आहेत त्यांची किळस येत नाही, आणि त्या वेचायला सकाळी दयाळ येतो. काळा-पांढरा, शेपूट उभारून. खड्ड्याच्या काठावर उभा राहून हक्कानं शीळ घालतो. आमच्याकडं सकाळी रेडिओ लावायची पद्धत होती, ती आपोआप मोडली.

बाकी गैरसोयी भराभर लिहिते. रेंज नाही, त्यामुळं मोबाइलनं पैसे जात नाहीत, सुट्टे न्या. जून-जुलैत आत चिखल घोट्यापर्यंत, चप्पल तिथंच राहील. बाथरूम नाही. दुपारी दोनला मालक जेवून झोपतात आणि उठवलं तर बोलत नाहीत. कुत्रा भुंकतो खूप, करत काही नाही. अडुळशाच्या तीनपैकी एक रोप मुळातच कमजोर होतं, गेलं. भुतकेस माझ्याकडं नीट धरलं, पांढरं पान-फूल सुंदर दिसतं. त्यावर कमांडर नावाचं फुलपाखरू अंडी घालतं असं सांगितलं होतं, अजून तरी मला दिसलेलं नाही. निरगुडी मात्र फार वाढते, कात्री तयार ठेवा. फुलली की तिच्यावर सातेरी मधमाश्या येतात, त्यांच्याहून बारक्या फुलोरी मधमाश्याही. एखादी खानावळीत गुळाच्या डब्याशी घोटाळते, पंच्यानं वारा घातला की जाते. आजवर कुणालाही चावलेली नाही.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक त्या कांचनाचा.

नवा आपटा माझ्या कमरेला लागलाय. गेल्या दसऱ्याला सासूबाईंनी त्याची चारच पानं काढू दिली. एक देवापुढं, एक तराजूला, एक त्यांच्या माहेरी पाठवायला, आणि एक मला हातात दिलं. बाकी गल्लीनं मागितली तर म्हणाल्या, "पोरगं हाय अजून, त्याला काय वरबाडताय." कांचनही आहे, पलीकडच्या टोकाला, आणि खरं सांगायचं तर ह्या वर्षी फुलला तेव्हा आपट्यापेक्षा लोकांनी त्याचंच कौतुक केलं. पाम सहा उरलेत. ते हळूहळू हलवतेय, मुलाच्या नकळत.

येत्या रविवारी सकाळी सातला निघणार आहे. तेलाचे तीन डबे आणि पाल्याची दोन पोती मुलाच्या टेंपोत आहेत, पुढं माझ्याशेजारी एकाची जागा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी रात्री डब्याच्या वेळेला सांगून ठेवा. येताना मांडीवर रोप धरून बसावं लागेल.